‘टेन्शन’ म्हणजे नक्की काय? मुलांच्या भावना हाताळताना या चुका टाळा

नाशिकच्या शाळांमध्ये मुलांशी बोलण्याचं काम मी बरीच वर्षं करतेय. मुलं बदलली, मोठ्यांच्या चुका मात्र त्याच आहेत. त्यातली पहिली मी स्वतः केलेली, म्हणून तिच्यावर माझा राग जरा जास्त.

मूल म्हणतं ‘टेन्शन आलंय’ आणि आपण लगेच उपाय सुरू करतो. सिडकोतल्या एका शाळेतली दहावीची मुलगी दर मंगळवारी यायची. “ताई, टेन्शन येतं.” दहावी म्हटल्यावर मी काय विचारणार! रंगीत पेनांनी अभ्यासाचं वेळापत्रक आखून दिलं. पुढच्या मंगळवारी तेच, मग त्यात दुरुस्ती केली. चौथ्या खेपेला माझं डोकं दुखत होतं, म्हणून मी नुसतीच गप्प बसले. दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत ती हळूच म्हणाली, “डबा खाताना जास्त येतं.” डब्याचा आणि भूमितीचा काय संबंध? मैत्रिणींनी तिला वगळून नवा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. मधल्या सुट्टीत कुठे बसायचं, हा तिचा प्रश्न होता. मी विचारलं, “कानकोंडं होतं का?” शब्द समजावून सांगितल्यावर म्हणाली, “हां, आजी म्हणते तो!” आणि मग धड रडली. तीन आठवडे मी भलत्याच दुखण्यावर मलम चोळत होते.

तेव्हापासून ‘टेन्शन’ हे उत्तर मी घेतच नाही. कधी येतं, कोण समोर असताना, पोटात की छातीत, हे विचारते. वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहून ठेवलेत: धास्ती, चडफड, हुरहुर, रुखरुख, खजील, हिरमुसणं. पोरं त्यातला एक उचलतात. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, खळबळ कमी होते, असं मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या 2007च्या प्रयोगात दिसलं होतं. पण त्यासाठी भिंतीवर पिवळ्या स्मायलींचा तक्ता लावू नका. नववीतल्या पोराला तो बालवाडीतला वाटतो.

दुसरी चूक, भडकलेल्या मुलाला “शांत हो” म्हणणं आणि त्यावर “असं का केलंस?” विचारणं. रागाच्या भरात अंगात ॲड्रेनलिन हे संप्रेरक चढलेलं असताना ‘का’चं उत्तर कुणाकडेच नसतं. आपल्याकडे नाशिकात गोदेचा पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं यावरून मोजतात ना? मीही मुलांना तेच विचारते, “पाणी कुठपर्यंत आलंय?” गुडघ्यापर्यंत असेल तर बोलू. छातीपर्यंत आलं असेल तर आधी व्हरांड्यात दोन चकरा, चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. हा श्वास कोरड्या दिवसांत गिरवून घ्यायचा, पुरात पोहायला कुणी शिकवत नाही. “मॅडम, एखादी पटकन होणारी ट्रिक सांगा,” म्हणणाऱ्या पालकांना मी चहा पाजते, ट्रिक देत नाही.

आणि पूर आला की वर गंगापूर धरणातून किती पाणी सोडलंय तेही बघतोच की आपण. इथे धरण म्हणजे बहुतेकदा झोप. 13 ते 18 वयात 8 ते 10 तास लागते. क्लास, घर, मोबाइल यांत सहा तासही मिळत नसतील, तर चिडचिडीवर व्याख्यान देऊन उपयोग नाही.

बाकीच्या पटापट. मुलानं विश्वासानं सांगितलेलं मावशीला फोनवर सांगू नका. ‘मुलगा असून रडतोस?’ कृपा करून बंद करा. आणि दोन दिवसांचं शिबिर करून आलेल्या उत्साही मंडळींनो, प्रत्येक गप्प पोराला ‘डिप्रेशन’ची चिठ्ठी चिकटवू नका. ते ठरवायला डॉक्टर आहेत.

मात्र जगण्याचाच कंटाळा आल्याचं मूल बोललं, हातावर वार दिसले, किंवा खाणं-झोप दोन आठवडे बिघडलेली असली, तर माझ्या वहीतले शब्द बाजूला ठेवा. मरणाची भाषा किंवा जखमा असतील तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर रात्रीसुद्धा चालतो. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. दोन्ही फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा, ऐन वेळी शोधताना हात थरथरतात.