अपूर्णांकांची बेरीज, कागदी पट्ट्यांवर
कार्डशीटच्या 24 सेंमी लांबीच्या पाच पट्ट्या कापा. एक अख्खी ठेवा. बाकीच्यांचे 12, 8, 6 आणि 4 सेंमीचे तुकडे करा: अर्धे, तृतीयांश, पाव, षष्ठांश. 24च का? सगळे भाग पूर्ण सेंटिमीटरात बसतात. माप 2 मिमीने चुकलं तरी तुकडे जुळत नाहीत आणि मुलांचा विश्वास उडतो.

आता 1/2 + 1/3. बरीच मुलं अंशात अंश, छेदात छेद मिळवून 2/5 लिहितात. लगेच खोडू नका. दोन्ही तुकडे शेजारी लावायला सांगा: 20 सेंमी. 2/5 म्हणजे 9.6 सेंमी, नुसत्या अर्ध्याहूनही कमी! मग खाली षष्ठांश मांडू द्या. बरोबर पाच बसतात. समच्छेदाचा नियम यानंतरच सांगा.

फेट (PhET) या कोलोरॅडो विद्यापीठाच्या गणित-विज्ञान प्रकल्पाच्या संकेतस्थळावर अपूर्णांकांचे खेळ मोफत आहेत, पण तुकडे हाताळून झाल्यावरच मोबाइल द्या.