पाच किलो खिळे, पण गंजणारे

नेपाळच्या तराईत, नवलपरासीत, मी दोन वर्षं पाण्याचे नमुने गोळा करत सायकलवर हिंडलो. हापशाला तिकडे चापाकल म्हणतात. पाणी नितळ, चवीला गोड, आणि त्यात आर्सेनिक. उकळून ते जात नाही. पाणी आटतं तसं उलट दाटच होतं. त्यावर तिकडे घरात कंचन फिल्टर बसवतात, म्हणजे पिंपात वाळू आणि तिच्या वर भांड्यात लोखंडी खिळे. करायला सोपा, चुकायलाही सोपा.

खिळे साध्या लोखंडाचे हवेत, जस्ताचा मुलामा दिलेले नकोत. माझा पहिला फिल्टर इथेच फसला. दुकानदाराने चकचकीत माल दिला, मीही खूश. आठवडा उलटला तरी खिळे तसेच लखलखीत आणि आर्सेनिक तपासायच्या किटच्या कागदावरचा डाग पूर्वीइतकाच पिवळा. सारं काम गंजच करतो. लोखंड पाण्यात गंजताना तांबूस, भुसभुशीत साका धरतो आणि आर्सेनिक त्याला चिकटतं. जमिनीखालचं आर्सेनिक बऱ्याचदा आर्सेनाइटच्या रूपात असतं, ते चटकन चिकटत नाही. गंजण्याच्या भरात त्याचं आर्सेनेट होतं, मग ते धरलं जातं. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर मात्र पंचाईत. एसटीत रुमाल टाकावा तसं ते गंजावरच्या जागा आधीच अडवतं.

पिंपाच्या तळाशी खडी, त्यावर जाड वाळू, वर बारीक वाळू. सुटून आलेला गंज ही वाळूच अडवते. खडीतून निघालेली नळी बाहेरून वर न्या आणि तिचं तोंड वाळूच्या पाच सेंटीमीटर वर ठेवा, म्हणजे वाळू कधी कोरडी पडत नाही. वाळू धुवायचा कंटाळा करू नका, मी केला होता आणि चार दिवस गढूळ पाणी पाहिलं. वर भोकं पाडलेलं पसरट भांडं बसवा, त्यात खिळे सारखे पसरा आणि त्यांवर विटांचे तुकडे अंथरा. तुकडे नसले तर ओतलेल्या धारेने खिळे बाजूला सरतात, मध्ये खड्डा पडतो आणि पाणी लोखंडाला न शिवता खाली जातं.

खिळ्यांना गंज चढल्यावर गाळलेलं पाणी किटवर तपासा. लिटरला १० मायक्रोग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा. नेपाळने ५० धरली आहे. मी दहाच्या आतच समाधान मानायचो. नंतरही अधूनमधून तपासत राहा. खिळ्यांचा एकसंध गठ्ठा झाला की ते बदला.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडसाठी हा फिल्टर करू नका. त्या कामाचा तो नाही.

धार बारीक झाली की खिळ्यांचं भांडं उचला, वाळूचा वरचा थर बोटांनी ढवळा आणि गढूळ पाणी काढून घ्या. ते विहिरीजवळ किंवा परसातल्या भाजीवर ओतायचं नाही. तिकडे ते शेणखड्ड्यात ओततात. एका घरातली म्हातारी त्यावर लगेच दोन पाट्या शेण टाकायची, आणि मी बघतोय ना याची आधी खात्री करून घ्यायची.