गाडीचा रिमोट चालेना? आधी सेल बघा
रिमोट बंद पडला की लगेच नव्या चावीचा खर्च करू नका. बहुतेक रिमोटमध्ये ३ व्होल्टचा बटण सेल असतो. जुन्यावरचा नंबर वाचूनच नवा घ्या. सीआर२०२५ हा सीआर२०३२ पेक्षा पातळ असतो, सैल बसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन्ही मिळतात.

नव्या सेलनेही भागलं नाही, तर आतल्या पत्र्याच्या पट्ट्या तपासा. मुंबईच्या दमट हवेत त्यांच्यावर हिरवट थर चढतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. दबलेली पट्टी किंचित वर उचला.

तोवर अडायला नको: स्मार्ट कीच्या, म्हणजे खिशात ठेवूनच गाडी उघडणाऱ्या रिमोटच्या, पोटात बहुधा साधी चावी असते. बटण-स्टार्टच्या बऱ्याच गाड्यांत रिमोट त्या बटणाला टेकवला की इंजिन सुरू होतं.