लुनारचा ताळा जमला तरी गणित चुकलेलं असू शकतं

मर्चंट नेव्हीच्या तयारीतली आपल्याकडची पोरं विचारतात, साताऱ्यात समुद्र कुठाय, सेक्स्टंट (आकाशातले कोन मोजायचं यंत्र) घेऊन करायचं काय? अरे लुनार डिस्टन्सला, म्हणजे चंद्राच्या अंतरावरून वेळ आणि रेखांश काढायच्या पद्धतीला, क्षितिज लागतच नाही, चंद्र आणि सूर्य यांच्यातला कोन मोजायचा, आणि गच्ची कुठे आहे ते माहितीच असल्याने दोघांच्या उंच्या गणिताने काढायच्या, झालं.

पण चूक किती महागात पडते बघा. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, म्हणजे कोनात 1 कला (अंशाचा साठावा भाग) चुकली की वेळ 2 मिनिटं चुकते आणि रेखांश 30 कला, म्हणजे साताऱ्यातला माणूस चिपळुणात जाऊन बसतो!

मी एक्सेलमध्ये शीट केली. ठरावीक वेळेचं खरं अंतर, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून दिसेल ते, घेतलं, लंबन (आपण केंद्रात नसून पृष्ठभागावर असल्याने पडणारा फरक) आणि वक्रीभवन (हवेतून येताना किरण वाकणं) घालून, कडेपासून कडेपर्यंत सेक्स्टंटवर काय दिसेल ते काढलं, मग उलटं जाऊन परत खरं अंतर काढलं, शेवटच्या आकड्यापर्यंत जमलं. खूश. मग शुक्ल अष्टमीच्या दुपारी गच्चीवर पाच रीडिंग घेतली, सरासरी काढली तर वेळ 20-25 सेकंद मागे. दुसऱ्या दिवशीही मागेच. इंडेक्स एरर (सेक्स्टंटच्या शून्यातली चूक) तीनदा तपासली, सेक्स्टंटला उगाच शिव्या घातल्या.

चूक शीटमध्येच होती. चंद्र वर आला की आपण त्याच्या जवळ असतो, म्हणून त्याचा अर्धव्यास पाव कलेपर्यंत मोठा दिसतो, ते मी घेतलंच नव्हतं, आणि जाताना-येताना दोन्हीकडे घेतलं नव्हतं, मग ताळा जमणारच की! खतावणीत जमा-नावे दोन्हीकडे सारखीच चूक केल्यासारखं. तेवढ्यानं मी 10 किलोमीटर पूर्वेला, कोरेगावच्या रस्त्याला लागलो होतो.

म्हणून ताळा दुसऱ्या वाटेने घ्या. मी स्टेलारियममध्ये (कम्प्युटरवर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) सातारा टाकून, वातावरण बंद करून, केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर बघतो, म्हणजे लंबन तपासून होतं, मग वातावरण चालू केलं की वक्रीभवन. वक्रीभवनाचं टेबल समुद्रसपाटीचं असतं बरं का, सातारा 700 मीटरच्या आसपास, हवेचा दाब कमी, त्यामुळे आकडा साधारण 8 टक्के कमी धरायचा. 10 अंश उंचीवर हा फरक 0.4 कला होतो, म्हणून खाली आलेला सूर्य मी घेतच नाही.

मोठी गफलत पकडायला तर घरचं कालनिर्णय पुरतं. तिथी म्हणजे चंद्र-सूर्याच्या अंतराचे 12-12 अंश, अष्टमीला 84 ते 96 च्या जवळपास यायला पाहिजे, 71 आलं तर सरळ पहिल्यापासून करा, डिग्री-रेडियनचा घोळ असतो बहुतेक.

नॉटिकल अल्मनॅक (खलाशांचं ब्रिटिश पंचांग) 1767 पासून ही अंतरं छापून द्यायचं, 1906 नंतर ते बंद झालं, त्यामुळे तुलनेचं अंतरसुद्धा आता आपणच काढायचं, तिथेही चूक लपते.

आणि वहीत प्रत्येक रीडिंगचा फरक अधिक की उणे ते लिहून ठेवा. इकडे-तिकडे पडत असेल तर हाताची सवय कमी आहे, सगळे एकाच बाजूला असतील तर आधी शीट उघडा, सेक्स्टंट नंतर.