सेंट ऑगस्टीनमधला खरा स्पॅनिश काळ कसा ओळखावा

फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन हे गाव पेद्रो मेनेंदेझ दे आविलेस याने ८ सप्टेंबर १५६५ रोजी वसवले, आणि आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील, युरोपीयांनी वसवलेल्या व अखंड नांदत्या राहिलेल्या वस्त्यांपैकी ते सर्वांत जुने मानले जाते. मात्र तिथे स्पॅनिश दिसणारी प्रत्येक वास्तू स्पॅनिश काळातली नाही. मनोऱ्यांनी नजर वेधून घेणारे पोन्से दे लिऑन हॉटेल हेन्री फ्लॅग्लर या उद्योगपतीने १८८८ साली उघडले, आणि सेंट जॉर्ज रस्त्यावरील अनेक घरे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभारलेली आहेत. म्हणून सजावटीकडे शेवटी वळावे आणि सुरुवात जमिनीच्या आखणीपासून करावी.

सर्वप्रथम मध्यवर्ती चौकात, म्हणजे प्लाझात, उभे राहावे. त्याची आखणी १५९८ च्या सुमारास गव्हर्नर मेंदेझ दे कान्सो याच्या काळात झाली. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५७३ मध्ये काढलेल्या नियमांनुसार प्लाझाची लांबी रुंदीच्या किमान दीडपट असावी आणि समुद्रकाठच्या गावात तो धक्क्याजवळ असावा. इथे त्याचे पूर्वेचे टोक पाण्याकडे, तर पश्चिमेचे टोक गव्हर्नरच्या वास्तूकडे जाते, हे स्वतः चालून पाहावे. (हाच फिलिप पुढे पोर्तुगालचाही राजा झाला आणि गोवा, वसई, चौल ही ठाणी त्याच्या सत्तेखाली आली, पण तिथला कारभार पोर्तुगीजांकडेच राहिला, त्यामुळे वसई पाहिलेल्या वाचकाने तिथली मांडणी इथे शोधू नये.)

त्यानंतर कास्तियो दे सान मार्कोस या किल्ल्याकडे जावे आणि भिंतीचा दगड अगदी जवळून न्याहाळावा. शिंपल्यांचे तुकडे एकमेकांना चिकटून तयार झालेला हा कोकिना दगड समोरच्या अनास्तासिया बेटावरून आणला जाई. १६६८ मध्ये चाच्यांनी गाव लुटल्यावर लाकडी कोट पुरेसा नाही हे स्पेनला पटले आणि १६७२ ते १६९५ या काळात किल्ला बांधला गेला. कोकिना सच्छिद्र असल्यामुळे तोफगोळा लागला तरी भिंत तडकत नसे, गोळा तिच्यात रुतून बसे. १७०२ मध्ये कॅरोलिनाच्या इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा गावकरी किल्ल्यात तग धरून राहिले, पण बाहेरचे गाव जाळले गेले. त्यामुळे एखादे उभे घर त्या वर्षापूर्वीचे आहे असे कुणी सांगितले, तर ते मानू नये.

घर ओळखण्याची खूण मात्र शोभेच्या कमानीत नसते, प्रवेशाच्या जागेत असते. स्पॅनिश काळातील घराचे दार बहुधा थेट रस्त्यावर उघडत नसे; बाजूच्या कुंपणातील फाटकातून अंगणात आणि तिथून पडवीत जावे लागे. पडवीचे तोंड दक्षिणेला किंवा पूर्वेला ठेवल्याने हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात समुद्रवारा मिळे. सेंट फ्रान्सिस रस्त्यावरील गोन्झालेझ-आल्वारेझ घर पाहताना खालचा कोकिनाचा मजला स्पॅनिश काळातला आणि वरचा लाकडी मजला नंतरचा, असा फरक मनात ठेवावा.

संस्कृतीचा प्रभाव शोधताना सर्वाधिक वेळ उत्खननातील भांड्यांना द्यावा, असे मला आग्रहाने वाटते. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन डीगन यांच्या संशोधनातून दिसते, की ताटवाट्यांत स्पॅनिश माजोलिका, म्हणजे झिलईदार रंगीत मातीची भांडी, असे, पण स्वयंपाकाची मडकी बहुतांशी मूळ रहिवाशांच्या घडणीची होती, कारण अनेक स्पॅनिश सैनिकांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले होते. म्हणजे ‘स्पॅनिश’ संस्कृतीची चूल पहिल्यापासूनच मिश्र होती. गावाच्या उत्तरेला १७३८ मध्ये वसलेले फोर्ट मोसे हे ठाणेही पाहण्याच्या यादीत हवेच. इंग्रज मळ्यांतील गुलामगिरीतून पळून आलेल्या आणि कॅथलिक धर्म स्वीकारलेल्या आफ्रिकी लोकांना स्पेनने तिथे स्वतंत्र म्हणून वसवले होते.

१७६३ मध्ये फ्लोरिडा ब्रिटनकडे गेली आणि जवळजवळ सारे स्पॅनिश रहिवासी क्यूबाला निघून गेले. त्यामुळे आज एखादी रीत आढळली, तर ती थेट सोळाव्या शतकापासून चालत आली असे गृहीत न धरता मधली कडी तपासावी. पुष्कळदा ती १७७७ मध्ये फ्लोरिडातल्याच न्यू स्मर्ना येथील मळ्यातून इथे आलेल्या मिनोर्का बेटावरच्या कॅथलिक कुटुंबांपर्यंत पोहोचते. दातिल मिरची घातलेले इथले पदार्थ याच समाजाची ओळख बनले आहेत. माणसांचा माग काढायचा असेल, तर १५९४ पासूनच्या चर्चच्या नोंदवह्यांपासून आरंभ करावा, कारण त्यांतील बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदींत स्पॅनिश, मूळ रहिवासी आणि आफ्रिकी अशा तिन्ही समाजांतील माणसांची नावे सापडतात.