सगळं उन्हाच्या माथी मारू नका: पाळी जाण्याच्या काळात या चुका टाळा

नागपुरात मे महिन्यात घाम आला तर त्याचं कोण काय मनावर घेणार! पारा 45 ला टेकलेला असतो. मीही दोन उन्हाळे तसेच काढले. कूलरसमोर झोपायची, पहाटे तीनला गाऊनचा गळा चिंब भिजून जाग यायची, आणि पाच मिनिटांत थंडी वाजून चादर शोधायची. लक्षात आलं ते डिसेंबरात. स्टाफरूममध्ये सगळ्या शाली गुंडाळून बसल्या होत्या आणि मी स्वेटर काढून वहीनं वारा घेत होते. वय 44.

उन्हाचा घाम घरातल्या सगळ्यांनाच येतो. पाळी जाण्याच्या काळातली गरम वाफ मात्र एकटीच्याच छातीतून मानेवर, चेहऱ्यावर चढते, एक ते पाच मिनिटं राहते आणि मग अंग गार पडतं. सावजी रस्सा, तर्री-पोहे, कडक चहा यानं ती अनेकींना वाढते. सगळं सोडू नका, पण कशानंतर येते ते टिपा.

"पाळी येतेय ना, मग कसला मेनोपॉज?" हा दुसरा गैरसमज. सलग 12 महिने पाळी आली नाही की मेनोपॉज म्हणतात. त्रास त्याच्या काही वर्षं आधीच सुरू होतो. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 च्या आसपास जाते, म्हणजे चाळिशी लागली की झोप उडणं, चिडचिड, विसरणं, सांधे धरणं सुरू होऊ शकतं. थायरॉईड आणि कमी हिमोग्लोबिनचीही लक्षणं अशीच, म्हणून त्या दोन तपासण्या नक्की करा. हार्मोनच्या तपासणीचा आग्रह मात्र धरू नका. या काळात ते आकडे सारखे वरखाली होतात. पंचेचाळिशीनंतर निदान लक्षणांवरूनच होतं.

सगळ्यात महागात पडते ती रक्तस्रावाबाबतची चूक. "जायच्या आधी जास्त जातंच," असं घरोघरी म्हणतात. पण तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. महालक्ष्म्या आल्या की मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून पाळी पुढे ढकलणंही नको. मुळात काय बिघडलंय तेच कळेनासं होतं.

मला एका डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत गर्भाची पिशवी काढायला सांगितलं. मी दुसरीकडे गेले. सोनोग्राफी झाली, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासला आणि औषधांवर भागलं. काहींना शस्त्रक्रिया खरंच लागते, पण पिशवी काढल्यानं गरम वाफा थांबत नाहीत. अंडाशयंही काढली, तर त्या एकदम सुरू होतात.

हार्मोनच्या उपचारांना सरसकट घाबरू नका. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन 10 वर्षांच्या आत, त्रास जास्त असेल तर बहुतेकींना त्यांचा फायदाच अधिक होतो. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या कधी झाल्या असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि पाळी अनियमित झाली म्हणून गर्भनिरोधक बंद करू नका, दिवस राहू शकतात.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाळीची तारीख, किती पॅड लागले आणि रात्री किती वेळा जाग आली, एवढं तीन महिने लिहा. डॉक्टरकडे जाताना तेच पान फाडून न्या. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवा.