उघडिपीत कपाशीच्या बुडाशी युरिया टाकू नका

ऑगस्ट लागतो, सोयाबीन फुलात येतं, कपाशीला पात्या धरतात आणि नेमका तेव्हाच पाऊस दडी मारतो. मराठवाड्यात हे नवीन नाही. दुपारी पिकानं माना टाकल्या की घरात बसवत नाही. मग एखादी भुरभुर आली की वाटतं, एवढ्या ओलीवर युरिया टाकून घ्यावा, कपाशी हिरवी होईल. मीही हे केलंय. दोन एकरांवर झाडांच्या बुडाशी युरिया टाकला आणि चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपून वळल्या. खत चांगलं होतं. चुकलो होतो मी.

काय झालं ते समजायला मुळाच्या आत जावं लागतं. पान असो की मूळ, सगळं पेशींचं बनलेलं. प्रत्येक पेशीला बाहेरून एक टणक भिंत, तिला पेशीभित्तिका म्हणतात. तिच्या आत अगदी पातळ पडदा, म्हणजे पेशीपटल. खरी राखण हा पडदाच करतो. पाण्याला तो सहज वाट देतो, विरघळलेल्या क्षारांना मात्र वाटेल तसं आत-बाहेर जाऊ देत नाही. वाढलेल्या पेशीत बहुतेक जागा रिक्तिकेनं व्यापलेली असते. ही म्हणजे पाण्याची पिशवीच. ती भरलेली असली की पान ताठ, रिकामी व्हायला लागली की पान लोळतं.

मूळ पाणी हातपंपासारखं ओढत नाही. पडद्याच्या ज्या बाजूला क्षार-साखर जास्त, तिकडे पाणी जातं. याला परासरण म्हणतात. एरवी मुळाच्या पेशीतलं द्रावण मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतं, म्हणून पाणी आत येतं. थोड्याशा ओलीत मूठभर युरिया विरघळला की बाहेरचं द्रावणच दाट होतं. पाणी आत येणं थांबतं, उलट मुळातलं बाहेर निघायला लागतं. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की तासाभरात पाणी सुटतं ना, अगदी तेच.

पटत नसेल तर आज घरी करून बघा. बटाट्याच्या दोन पातळ चकत्या घ्या. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी दोन चमचे मीठ घातलेल्या पेलाभर पाण्यात. दोन-तीन तासांनी पहिली कडक लागेल, वाकवली तर कट्‌कन मोडेल. दुसरी बोटावर लोळेल. पाण्यात बुडालेली असूनही ती सुकलेली असते. मचूळ बोअरच्या पाण्यानं जिथं क्षार साचलेत त्या रानात ओल दिसते आणि पीक मात्र तहानलेलं राहतं, ते यामुळंच. असं पाणी असेल तर हंगामाआधी माती-पाणी तपासून घ्याच.

मग पावसाच्या खंडात करायचं काय? जमिनीतून खत थांबवा आणि फवारणीतून पातळ करून द्या. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:००:४५, १ टक्का: १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम. पानावरच्या रंध्राच्या, म्हणजे बारीक छिद्राच्या, दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन पेशी असतात. त्यांच्यात पालाश, म्हणजे पोटॅशियम, शिरलं की मागोमाग पाणी शिरतं, त्या फुगतात आणि रंध्र उघडतं. पालाश बाहेर गेलं की मिटतं. पालाश पुरेसं असलं की पाणी किती उडू द्यायचं हे झाडाच्या हातात राहतं. प्रमाण मात्र वाढवू नका, आणि फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच करा. भर दुपारी पानावरचं पाणी उडून जातं, मागं राहिलेलं द्रावण दाट होतं आणि मुळाशी झालं तेच पानावर होतं.

काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या असतील तर कपाशीत कोळपं फिरवा, भेगा बुजून ओल टिकते. सोयाबीन फुलात असेल तर त्यात कोळपं घालू नका, मुळं तुटतात. विहिरीला पाणी असेल तर एक सरी आड द्या, सोयाबीनला तुषार संच लावा.

यानंतर जोराचा पाऊस झाला आणि रानात पाणी तुंबलं, तर पीक पुन्हा पिवळं पडेल. तेव्हाही लगेच खताची गोणी फोडू नका. पाणी आपोआप आत येतं, पण नत्र, पालाश, स्फुरद बहुतांशी मुळाच्या पेशीला स्वतःची ताकद खर्चून आत घ्यावं लागतं. त्या ताकदीसाठी मुळाला श्वास हवा, आणि तुंबलेल्या चिकण मातीत हवाच उरत नाही. शेजारी खत पडलेलं असूनही झाड उपाशी. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वापसा येऊ द्या. मातीचा गोळा हातात दाबून सोडला की फुटायला हवा, बोटांना चिकटायला नको. मग कपाशीचा राहिलेला युरियाचा हप्ता बुडापासून चार बोटं लांब, मातीआड करून द्या.